नियम कुणाच्या सर्व्हरवर? ऑनलाइन खेळासाठी डी अँड डीला पर्याय शोधताना

(शब्दांकन करताना अडखळणं तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय आमच्याच शनिवारच्या खेळातून आलाय. आमचा पाच जणांचा कंपू आहे. मी आणि एक मित्र पुण्यात, एक मैत्रीण नाशिकला, एक जण डब्लिनला आणि सगळ्यांचा दादा न्यू जर्सीत. शनिवारी आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजले की डब्लिनला दुपारचे चार आणि न्यू जर्सीत सकाळचे अकरा. उन्हाळ्यात हं. हिवाळ्यात त्यांची घड्याळं मागे गेली की सगळी बोंब होते. तर, जवळजवळ तीन वर्षं चाललेली आमची डन्जन्स अँड ड्रॅगन्सची मोहीम होळीच्या सुमारास संपली. नवी सुरू करायची म्हटल्यावर नाशिकच्या मैत्रिणीने जाहीर करून टाकलं, "आता डी अँड डी नको. दुसरं काहीतरी शोधा." दादा म्हणाला, "का? चाललंय ते काय वाईट आहे?" मग दोन शनिवार आम्ही खेळण्याऐवजी भांडलो. तिसऱ्या शनिवारी दादा आलाच नाही.

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. चार-पाच जण बसतात, त्यातला एक सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, "समोर गुहेचं तोंड आहे, आतून धूर येतोय", बाकीचे आपण काय करतो ते सांगतात आणि जिथे यश-अपयशाचा प्रश्न येतो तिथे फासे टाकतात. नियमांचं पुस्तक असतं ते या फाशांचा अर्थ लावायला. गोष्ट मात्र कुणालाच आधी माहीत नसते.

आता तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठे आला? मीसुद्धा आधी असंच समजत होतो की पर्याय निवडायचा म्हणजे चार गेम बघायचे, आवडेल तो घ्यायचा. पण खोदत गेलो तसं लक्षात आलं की ऑनलाइन खेळताना आपण फक्त नियम निवडत नाही. ते नियम कुणाच्या ताब्यात आहेत, हेही त्याबरोबर येतं. आणि ही भानगड पन्नास वर्षांपासूनची आहे.

सुरुवात १९७४ पासून करू. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचं एक छोटं गाव आहे. तिथला गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटातला डेव्ह आर्नेसन, या दोघांनी मिळून डन्जन्स अँड ड्रॅगन्स लिहिला. आधी हे दोघेही युद्धाचे खेळ खेळणारे, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया करणारे. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची, एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत दहा डॉलर. टीएसआर ही त्यांची कंपनी तेव्हा घरगुतीच होती, खोकी हाताने भरायचे.

आणि मंडळी, ते नियम वाचून कुणालाही खेळ कळत नव्हता! युद्धखेळाची सवय गृहीत धरून लिहिलेलं सगळं. शिवाय चार, आठ, बारा, वीस बाजूंचे फासे लागायचे, ते सहज मिळायचे नाहीत. अॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात केन सेंट आंद्रे नावाचा ग्रंथपाल होता. त्याने ते नियम वाचले, कल्पना आवडली आणि नियम अजिबात पटले नाहीत. मग त्याने स्वतःचेच लिहून काढले. ते १९७५ साली टनेल्स अँड ट्रोल्स या नावाने आले. पहिल्या छपाईला फक्त शंभर प्रती, त्याही विद्यापीठाच्या छापखान्यात काढलेल्या. आणि फासे? आपल्या ल्युडोतले, सहा बाजूंचे. घरात असतील ते.

म्हणजे डी अँड डीला पर्याय शोधणं ही आजची फॅशन नाही. मूळ खेळ दोन वर्षांचा व्हायच्या आत पर्याय आलेला होता. आणि कारणही आजच्यासारखंच होतं, माझ्या मित्रांबरोबर, माझ्याकडे जे आहे त्यात हे खेळता येईना.

हा धागा पुढे देशोदेशी दिसतो. अमेरिकेतच १९७८ मध्ये केऑसियम कंपनीचा रूनक्वेस्ट आला. त्यात पात्रांना 'लेव्हल'च नाही, जे कौशल्य वापराल ते सुधारतं, आणि सगळं टक्केवारीवर. याच केऑसियमच्या नियमांवर परवानगीने बेतलेला ड्राकार ओक देमोनेर हा खेळ १९८२ मध्ये स्वीडनमध्ये निघाला आणि तिथे तोच मुख्य खेळ झाला. कित्येक स्वीडिश मुलांनी डी अँड डी बघायच्या आधी हा खेळला. जर्मनीत उलरिश किझोव्हने आधी टनेल्स अँड ट्रोल्स जर्मन भाषेत आणला आणि १९८४ मध्ये स्वतःचा दास श्वार्त्से आउगे, म्हणजे 'काळा डोळा', काढला. त्या देशात त्याने डी अँड डीला मागे टाकलं.

जपानची गोष्ट तर मला फारच आवडते. १९८६ मध्ये कॉम्प्टिक नावाच्या मासिकात एका खेळाचं शब्दांकन क्रमशः छापायला लागले. टेबलाभोवती बसलेल्यांनी जे बोललं ते, नाटकाच्या संहितेसारखं. त्याला ते 'रिप्ले' म्हणतात. तो खेळ डी अँड डीचा होता, सूत्रधार होता र्यो मिझुनो, आणि त्यातून लोडोसची प्रसिद्ध कथामालिका निघाली. (म्हणजे आपण आत्ता जे करतोय, बोललेलं छापणं, ते त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी करून ठेवलंय.) पुढे १९८९ मध्ये याच मंडळींच्या ग्रुप एसएनईने सोर्ड वर्ल्ड काढला. खिशात मावणारं स्वस्त पुस्तक आणि सहा बाजूंचे दोन फासे. शाळकरी पोरांच्या खिशाला परवडेल असा. बास. एवढ्यावर त्याने देश जिंकला.

एक नाव इथे सांगायला हवं, कारण आपल्या भागाशी त्याचा संबंध आहे. १९७५ मध्येच टीएसआरने एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन नावाचा खेळ काढला. लिहिणारे प्राध्यापक एम. ए. आर. बार्कर, मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषा शिकवणारे, उर्दूचे अभ्यासक. त्यांचं टेकुमेल हे जग युरोपातल्या किल्ल्यांचं नाही. भारत, मेक्सिकोच्या प्राचीन संस्कृती, असं कायकाय त्यात मिसळलेलं. मी अनेक वर्षं मित्रांना सांगत होतो की एकदा हा खेळू या. मग २०२२ मध्ये त्यांचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेनेच मान्य केलं की बार्करनी १९९१ मध्ये टोपणनावाने एक नाझी विचारांची कादंबरी लिहिली होती. त्यानंतर माझी इच्छा मेली. ज्यांना अजून खेळावंसं वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण मला जमणार नाही.

असो. मूळ मुद्द्यावर येऊ. हे सगळे पर्याय निघू शकले कसे? कारण अमेरिकेच्या कायद्यात खेळाची रीत, म्हणजे 'फासा टाका, अमुक मिळवा, तमुकपेक्षा जास्त आला तर जिंकलात', यावर कॉपीराइट लागत नाही. ती ज्या शब्दांत लिहिली आहे त्या शब्दांवर लागतो. टेबलावर खेळताना याने काही फरकच पडत नाही. पुस्तक विकत घेतलं, नियम डोक्यात गेले, आता कंपनी बुडाली तरी तुमचा खेळ चालू. तुमच्या डोक्यातून नियम काढून घ्यायला कुणी येत नाही.

गडबड होते ती कॉम्प्युटर मध्ये आल्यावर. याची पहिली चुणूक १९९४ मध्ये दिसली. तेव्हा इंटरनेट म्हणजे विद्यापीठांच्या सर्व्हरवर ठेवलेल्या फाइली. खेळणाऱ्यांनी स्वतः लिहिलेले मंत्र, राक्षस, साहसकथा तिथे फुकट ठेवलेल्या असायच्या. टीएसआरने पत्रं धाडली की आमच्या खेळावर बेतलेलं साहित्य काढून टाका. चाहते भयंकर चिडले. कंपनीच्या नावातल्या 'एस'च्या जागी डॉलरचं चिन्ह घालून लिहायला लागले. तीन वर्षांनी, १९९७ मध्ये, कर्जात बुडालेली टीएसआर विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने विकत घेतली आणि १९९९ मध्ये त्या विझर्ड्सना हॅस्ब्रोने. हॅस्ब्रो म्हणजे मोनोपॉलीवाली.

आता २००० साल. डी अँड डीची तिसरी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर आलं ओपन गेमिंग लायसन्स, ओजीएल. विझर्ड्समधल्या रायन डॅन्सीने ही कल्पना लावून धरली. तर्क धंद्याचाच होता. नियमांचा गाभा सगळ्यांना वापरू द्या, छोटे प्रकाशक त्यावर साहसकथा काढतील, त्या खेळायला लोक मूळ पुस्तक आमच्याकडूनच घेतील. यात धर्मादाय काही नव्हतं, पण परिणाम मोठा झाला. मागच्या वीस-पंचवीस वर्षांतले निम्मे पर्याय या एका कागदावर उभे आहेत. गंमत म्हणजे लोकांनी त्याच्या मदतीने जुने, बंद पडलेले डी अँड डीसुद्धा परत लिहून काढले. २००६ मध्ये ऑस्रिक, २००७ मध्ये लॅबिरिंथ लॉर्ड आणि बेसिक फँटसी. हे शेवटचं नाव लक्षात ठेवा.

या कागदाने कंपनीलाच कसं कोंडीत पकडलं बघा. डी अँड डीची अधिकृत मासिकं पायझो नावाची कंपनी चालवायची. २००७ मध्ये विझर्ड्सनी ती काढून घेतली. २००८ मध्ये चौथी आवृत्ती आणली, तिचा परवाना जास्त कडक, आणि कंपनीला वाटेल तेव्हा बदलता येणारा. पायझोपुढे दोन रस्ते होते, नव्या परवान्यावर सही करायची किंवा आपलं काही उभं करायचं. त्यांनी तिसऱ्या आवृत्तीचा खुला गाभा उचलला, डागडुजी केली आणि २००९ मध्ये पाथफाइंडर म्हणून बाजारात आणला. घरातून काढलेल्या भाडेकरूने शेजारी तोच नकाशा वापरून बंगला बांधावा तसं. पुढे काही वर्षं या पाथफाइंडरने डी अँड डीला दुकानात खरोखर घाम फोडला.

आतापर्यंत सगळं कागदावरच. ऑनलाइन टेबलं शांतपणे वेगळीकडे वाढत होती. फँटसी ग्राउंड्स २००४ पासून आहे. २०१२ मध्ये तीन मित्रांनी रोल२० साठी किकस्टार्टरवर पाच हजार डॉलर मागितले, लोकांनी चाळीस हजारांच्या आसपास दिले. ब्राउझर उघडा, नकाशा बघा, फासे टाका. कॉलेज संपून गावोगाव पांगलेल्या कंपूंना दुसरं काय हवं होतं? मग २०२० चं लॉकडाऊन. त्याच वर्षी मे महिन्यात फाउंड्री आलं, ज्यात एकाने एकदाच पैसे भरायचे आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे जोडून घ्यायचं. आमचा कंपूही त्याच वर्षीचा. पुण्यात दोन पेठा सोडून राहणारे आम्ही दोघंसुद्धा तेव्हा स्क्रीनवरच भेटत होतो.

आता ही टेबलं काय करतात ते नीट बघा, कारण माझ्या मते सगळी गोम तिथे आहे. तुम्ही तलवारीवर क्लिक करता. सॉफ्टवेअर फासा टाकतं, तुमची ताकद मिळवतं, समोरच्याचं चिलखत बघतं, जखम वजा करतं. मंत्रावर क्लिक केलं की मंत्राचं पूर्ण वर्णन उघडतं. म्हणजे नियम आता तुमच्या डोक्यात नाहीत. ते त्या सॉफ्टवेअरमध्ये शब्दशः उतरवलेले आहेत. आणि शब्द आले की कॉपीराइट आला, परवाना आला, वकील आले. टेबलावर ज्याची पर्वा करायची गरज नव्हती ते ऑनलाइन टेबलाच्या मुळाशीच येऊन बसलं. आम्हा खेळणाऱ्यांना याचा पत्ताही नव्हता.

तो लागला जानेवारी २०२३ मध्ये.

पाच जानेवारीला आयओ९ या संकेतस्थळावर बातमी आली. विझर्ड्सनी ओजीएलचा नवा मसुदा केलाय, तो फुटलाय. त्यात होतं काय? साडेसात लाख डॉलरच्या वर उलाढाल असेल तर वरच्या रकमेवर पंचवीस टक्क्यांपर्यंत वाटा द्या. तुम्ही लिहिलेलं कंपनीला वापरता येईल. परवाना फक्त छापील पुस्तकं आणि पीडीएफसारख्या फाइलींसाठी, ऑनलाइन टेबलांसाठी नाही. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे जुना परवाना आता 'अधिकृत' राहणार नाही. २००० च्या कागदात लिहिलं होतं की परवान्याची कुठलीही अधिकृत आवृत्ती वापरता येईल. तेवीस वर्षं सगळ्यांनी त्याचा अर्थ 'कायमचं' असाच घेतला होता. आता कुणीतरी 'अधिकृत' या शब्दात फट शोधली.

लोक पेटले. कंपनीचं डी अँड डी बियॉन्ड म्हणून संकेतस्थळ आहे, जे हॅस्ब्रोने आदल्याच वर्षी जवळपास १४ कोटी ६३ लाख डॉलरना घेतलं होतं. तिथली वर्गणी लोकांनी रद्द करायला सुरुवात केली. कंपनीने १९ जानेवारीला सुधारित मसुदा काढला, त्यात ऑनलाइन टेबलांसाठी वेगळं धोरण जोडलेलं. त्यातलं एक उदाहरण मी विसरणार नाही. मॅजिक मिसाइल हा डी अँड डीतला जुना, साधा मंत्र, जादूचे बाण सोडायचे. धोरणाचं म्हणणं असं की ऑनलाइन टेबलावर तो मंत्र लिहून दाखवा, फासे टाका, चालेल. पण स्क्रीनवर ते बाण उडताना दाखवले तर तो टेबलावरचा खेळ राहिला नाही, त्याला आमची परवानगी नाही. आमच्या मोहिमेत पुण्याचाच मित्र जादूगार होता. त्याने हौसेने ते निळे बाण बसवून घेतले होते! आता ते बेकायदा होणार की काय, अशी चर्चा आम्ही पाच माणसं, तीन देशांत बसून, शनिवारी रात्री करत होतो.

मसुद्यावर कंपनीने मतं मागवली, पंधरा हजारांहून जास्त लोकांनी कळवली. जवळजवळ नव्वद टक्के लोक जुना परवाना रद्द करण्याच्या विरोधात होते. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. जुना परवाना राहिला आणि पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला. हे महत्त्वाचं आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना विझर्ड्सच्या हातात नाही, तो परत घेता येत नाही.

पण तोवर माणसं हलली होती. पायझोने सांगितलं की आठ महिन्यांना पुरतील म्हणून ठेवलेली पाथफाइंडरची पुस्तकं दोन आठवड्यांत संपली. त्यांनी इतर प्रकाशकांना घेऊन ऑर्क नावाचा नवा परवाना केला. २०२३ च्याच नोव्हेंबरपासून पाथफाइंडरची पुस्तकं नव्याने लिहून काढली, जुन्या ओजीएलमधून आलेलं सगळं वेचून बाहेर टाकलं. रंगांवरून ओळखले जाणारे ड्रॅगन गेले. काळे एल्फ गेले. आणि मॅजिक मिसाइल? त्याचं झालं फोर्स बराज. बाण तेच, नाव नवं. कोबोल्ड प्रेसने २०२४ मध्ये टेल्स ऑफ द व्हॅलियंट काढला. केल्सी डिऑनच्या शॅडोडार्कची वर्गणी योगायोगाने मार्च २०२३ मध्येच किकस्टार्टरवर होती, ती तेरा लाख डॉलरच्या वर गेली. त्या स्वीडिश खेळाची नवी इंग्रजी आवृत्ती ड्रॅगनबेनसुद्धा त्याच वर्षी आली. पर्यायांचा असा पूर आधी कधी आला नसेल.

तर आमचं भांडण. दादाचं म्हणणं होतं, "कंपनीने माफी मागितली, नियम खुले केले, विषय संपला ना?" आणि खरं सांगायचं तर मीही त्याच मताचा होतो. नाशिकच्या मैत्रिणीने ऑगस्ट २०२४ ची आठवण काढली. तेव्हा डी अँड डी बियॉन्डने जाहीर केलं होतं की नव्या पुस्तकातले मंत्र जुन्या मंत्रांच्या जागी बसतील, म्हणजे तुमच्या चालू पात्राच्या पानावरचे शब्दच बदलतील. ओरडा झाला, काही दिवसांत तो निर्णयही मागे घेतला. तिचं वाक्य होतं, "दरवेळी आपण ओरडायचं आणि त्यांनी मागे घ्यायचं. मला ओरडायचं नाहीये, खेळायचंय." यावर दादाकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. पुढे २०२५ मध्ये कंपनीचं सिजिल नावाचं थ्रीडी टेबल आलं आणि महिन्याभरातच ते बनवणाऱ्यांपैकी बहुतेकांची नोकरी गेली. तिथे कुणी मोहीम मांडली असती तर?

मग आम्ही एकेक करून बघायला घेतले. पाथफाइंडर आणि फाउंड्री ही जोडी मला मनापासून आवडली. त्या खेळात हिशेब फार, नुसत्या कागदावर खेळलो तर डोकं दुखेल, पण फाउंड्रीसाठी स्वयंसेवकांनी त्याचे सगळे नियम बसवून दिलेत, फुकट आणि पायझोच्या संमतीने. नियम तर पूर्णच्या पूर्ण अधिकृतपणे आर्काइव्ह्ज ऑफ नेथिसवर वाचता येतात. ज्यांच्याकडे प्रत्येकी लॅपटॉप आहे, ज्यांना लढाईचे डावपेच आवडतात, त्यांनी डोळे मिटून हेच घ्यावं. आमचं अडलं ते साध्या गोष्टीवर. फाउंड्री माझ्या कॉम्प्युटरवरून चालवायचं तर बाहेरच्यांना माझ्या घरात शिरायला वाट लागते आणि आपल्याकडची बरीच घरगुती इंटरनेट जोडणी शंभर घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देते. त्याला उपाय आहेत, पैसे भरून सर्व्हर घेणं वगैरे. पण नाशिकची मैत्रीण मोबाइलवरून खेळते आणि फाउंड्री मोबाइलवर धड चालत नाही. तिनेच तर प्रश्न काढलेला, तिलाच बाहेर ठेवून कसं चालेल?

शॅडोडार्क एक शनिवार खेळलो. त्यात मशाल खऱ्या घड्याळाने एक तास जळते, तास संपला की अंधार. हे ऑनलाइन फार मस्त वाटतं, टायमर सगळ्यांच्या समोर, उगाच गप्पा मारत बसलं की कुणीतरी ओरडतं "मशाल!" फक्त डब्लिनवाल्याच्या मुलीला त्याच तासात भूक लागायची. ड्रॅगनबेनही छान आहे. ज्यांना पुस्तक विकत घ्यायला हरकत नाही त्यांना मी तो सुचवेन.

आम्ही शेवटी घेतला तो बेसिक फँटसी. ख्रिस गॉनरमन नावाच्या माणसाने २००७ मध्ये काढलेला, पीडीएफ फुकट, छापील प्रत जवळजवळ छपाईच्या किमतीत. २०२३ च्या गोंधळानंतर त्याने पुस्तक साफ करून चौथी आवृत्ती क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आणली. नियम इतके थोडे की सॉफ्टवेअरने सांभाळायची गरजच नाही. म्हणून टेबल घेतलं आउलबेअर रोडियो, जे फक्त नकाशा आणि सोंगट्या दाखवतं. त्याला तुमच्या खेळाचे नियम माहीतच नसतात. मोबाइलवर उघडतं. नियम परत आमच्या डोक्यात आले, मशीनकडे फक्त पाट राहिला. उद्या ते संकेतस्थळ बंद पडलं तर एक चित्र जाईल, एवढंच.

याचा तोटाही सांगतो. पुण्याच्या मित्राला त्याचे निळे बाण फार आठवतात. बेसिक फँटसीत पहिल्या पायरीचा जादूगार दिवसातून एक मंत्र म्हणतो आणि उरलेला दिवस खंजीर घेऊन इतरांच्या मागे लपतो. पहिल्याच खेळात तो मेला. दुसऱ्यातही.

आणि एक गोष्ट अशी झाली जी आम्ही ठरवली नव्हती. या परवान्यात भाषांतराला मुभा आहे, फक्त नाव द्यायचं आणि आपलंही त्याच अटींवर खुलं ठेवायचं. नाशिकच्या मैत्रिणीने पात्राचा तक्ता मराठीत करायला घेतला. 'स्ट्रेंग्थ'ला बळ, 'विज्डम'ला शहाणपण, इथवर भांडण नव्हतं. मग 'सेव्हिंग थ्रो' आला, म्हणजे विष, जादू, ड्रॅगनचा फूत्कार यातून वाचण्यासाठी टाकायचा फासा. मी म्हटलं 'बचाव'. ती म्हणाली, बचाव क्रिकेटमध्ये असतो. त्या रात्री जवळजवळ सव्वा तास यावर गेला आणि तेवढ्यात कुणीतरी कॉलवर आलं. न्यू जर्सीची सकाळ, हातात चहाचा कप. थोडा वेळ ऐकून दादा म्हणाला, "अरे, 'निभाव' म्हणा ना. निभाव लागला का, विचारतोच की आपण."

तक्त्यावर आता 'निभाव' आहे. दादाने पाद्री घेतलाय. आमचा तक्ता पूर्ण झाला की या पानावर ठेवू, हवा तर उतरवून घ्या, बदला, तुमचे शब्द आम्हाला कळवा. पुढच्या भागात भेटू.